मुन्नीबाईच्या गाण्यांवरचा कागद

१

मेलेल्या माणसाचा आवाज चोरीला गेला, ही तक्रार कोणत्याही ठाण्यात लिहून घेत नाहीत. लिहून घेत असते, तर २०१०च्या त्या वैशाखात सौंदडच्या प्रेमिलाबाईवर पहिला गुन्हा दाखल झाला असता.

प्रेमिला गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. शुक्रवारी ती आईच्या डोळ्यांसाठी साकोलीला गेली होती. तेवढी दुपार वाचनालय दुधराम गुरुजींच्या हवाली होतं. गुरुजी वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आणि गावातली प्रत्येक गोष्ट आपल्या नजरेखालून जाते असा त्यांचा पक्का समज. शनिवारी प्रेमिलानं कुलूप काढलं, झाडू मारला, कॉम्प्युटरशेजारी पडलेली अंगणवाडीची चित्रांची पुस्तकं उचलून कपाटात लावली, टेबलाची काच पुसली. मग टिकेश राहांगडाले आपल्या लेकीला, योगेश्वरीला, घेऊन आला.

बुधवारी योगेश्वरीचं लग्न होतं. टिकेशची आई मुन्नीबाई म्हणजे बिहावाच्या, लग्नातल्या गाण्यांची खाण. तिच्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे. मागच्या पोळ्याच्या सुमारास ती गेली. पण जाण्याआधी दोन हिवाळे वाचनालयात बसून तिनं पोटातली सगळी गाणी कॉम्प्युटरला देऊन टाकली होती, आणि प्रेमिलाला बजावलं होतं, "योगीच्या बिहावात मी राहीन का नाही राहीन, माहं गानं वाजलंच पाहिजे."

"लावा बाई," टिकेश म्हणाला. "योगी गाने निवडते."

प्रेमिलानं 'मुन्नीबाई' नावाचा फोल्डर उघडला, आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. जिथं पडदाभर गाणी दिसायची, तिथं एकच नाव होतं. तेही तिच्या ओळखीचं नव्हतं.

तिनं ते लावलं. आधी खोकला, काहीतरी घासल्याचा आवाज, मग मुन्नीबाईचा थकलेला गळा:

"माही सून आळशी, तिची पेज आळणी..."

टिकेशनं स्पीकरची वायरच उपटली. रविता त्याची बायको, म्हणजे मुन्नीबाईची सून. सासू-सुनेचं बारा महिने वाकडं होतं, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक.

"हे काय होय, प्रेमिलाबाई? माह्या मायचे गाने कोठी गेले? अन् माह्या बायकोची बदनामी कोणं भरून ठेवली इथी?"

"मले नाही माहीत, टिकेशभाऊ. देवाशपथ..."

"किल्ली कोनापाशी राह्यते? तुमच्यापाशी ना?"

संध्याकाळी गुरुजींनी निकाल दिला. बुधवारपर्यंत गाणी सापडली नाहीत, तर प्रेमिलानं किल्ली समितीच्या हातात द्यायची.

प्रेमिलाला किल्लीचं दुःख होतंच. नवरा गेल्यावर तिला ही नोकरी मिळाली, तेव्हा 'एकटी बाई काय वाचनालय चालवते' म्हणून कोणी पायरी चढत नव्हतं. मुन्नीबाई चढली. तिला अक्षर येत नव्हतं. रोज येऊन बसायची आणि म्हणायची, "वाच वं पोरी, आज पेपरात काय लिवलं हाय." तिच्यामागून बाया आल्या, बायांमागून पोरं आली. त्या म्हातारीचा आवाज आपल्या हातून हरवला, ही गोष्ट प्रेमिलाच्या घशाखाली घास उतरू देईना.

२

रविवारी सकाळी पहिला आला भोजराज. स्टेशनजवळ त्याचा फोटो स्टुडिओ, लग्नाच्या व्हिडिओचं कामही तोच करी. मुन्नीबाईची गाणी आपल्या व्हिडिओत घालायला द्या म्हणून तो वर्षभर मागे लागला होता, आणि प्रेमिलानं नाही म्हटलं होतं.

"देखो बाई, झगडा आपल्या जागी," तो म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर ज्या डीव्हीडीवर चालते, थे द्या. मी माह्या दुकानात लावून पाहतो."

वाचनालयाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कधीच वारली होती. तो एका डीव्हीडीवर चालायचा, आणि मागे कायम खोचलेल्या लाल पेन ड्राइव्हवर नवं काम साठवायचा. गाणी त्या डीव्हीडीतच होती. भोजराज ती घेऊन गेला आणि घटकाभरात परत आला.

"खतम. आत एकच मोठी फाइल हाय, गठोडं बांधल्यासारखी. गानं एक बी नाही."

प्रेमिलानं डीव्हीडी परत जागेवर लावली. मग तिला आठवण झाली नूतन मॅडमची. अर्जुनी मोरगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवणारी ही बाई. हा जुगाड तिनंच जमवून दिला होता, गाणीही तिनंच भरली होती. कोडं दिसलं की जेवण विसरायची तिची खोड प्रेमिलाला माहीत होती. म्हणून फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "मॅडम, फोल्डर हाय, पण गाणी नाहीत."

"फोल्डर आहे?" पलीकडून नूतन जवळजवळ आनंदानं ओरडली. "हात लावू नका कशाला! मी निघाले."

दुपारच्या पॅसेंजरनं ती उतरली, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. पाणीसुद्धा न पिता तिनं लाल पेन ड्राइव्ह काढून आपल्या लॅपटॉपला लावला. आतली यादी वरपासून खालपर्यंत तपासली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "प्रेमिलाबाई, तुमच्याकडे चोरी झालेलीच नाही."

३

"म्हंजे?"

"गाणी जिथं होती तिथंच आहेत. फक्त दिसत नाहीयेत. इकडे या."

तिनं प्रेमिलाला तिच्याच टेबलाशी नेलं. टेबलावर काच होती, आणि काचेखाली वाचनालयाच्या उद्घाटनाचे फोटो. दमटपणानं ते असे चिकटले होते की काढू म्हणता निघायचे नाहीत.

"समजा, ह्या खालच्या फोटोंमधला गुरुजींचा फोटो मला नको आहे. काय कराल?"

"निघाचा नाही तो. काचेवर, त्याच्या बरोब्बर वर, चिठ्ठी चिकटवीन."

"शाब्बास! डीव्हीडी म्हणजे काचेखालचं. तिथलं कोणाच्या बापाला खोडता येत नाही. पेन ड्राइव्ह म्हणजे काच. कॉम्प्युटर दोन्ही एकावर एक ठेवून वरून बघतो आणि आपल्याला एकच टेबल दाखवतो. तुम्ही खालचं गाणं खोडलंत, तर तो काचेवर त्या गाण्याच्या नावाची चिठ्ठी लावतो, 'हे नाही असं समजा'. भोजराजला गाठोडं दिसलं, कारण त्याच्याकडे ते उघडायची सोय नाही."

प्रेमिला लगेच म्हणाली, "मंग चिठ्ठ्या काढून टाका ना, मॅडम!"

"तीच तर गंमत. चिठ्ठी एकसुद्धा नाही." नूतननं बाजूचा पेपर उचलून सगळ्या फोटोंवर पसरला आणि त्यावर आपल्या पाकिटातला एक फोटो ठेवला. "हे झालंय. सगळ्या फोल्डरवर एकच कागद. त्यावर एकच नवी वस्तू. हा कागद कॉम्प्युटर केव्हा ठेवतो? कोणी अख्खा फोल्डर काढला आणि त्याच नावाचा नवा ठेवला, तर. नाहीतर खालची जुनी गाणी नव्या फोल्डरमध्ये डोकावतील ना."

"असं कायले बनवलं हे? सिधं नाही बनवता येत?"

"येतं की. चार लोकांच्या चार रीती आहेत. काही जण काचेवर खालच्या प्रत्येक फोटोचं नाव लिहून ठेवतात आणि पुढे लिहितात, 'खाली पाहा'. तेही बरं असतं, भराभर सापडतं. पण मग काचेवर एवढी गर्दी होते की माणसानं काय केलं आणि यंत्रानं काय लिहिलं, कळत नाही. मी ही रीत घेतली, कारण हिच्यात माणसानं केलं तेवढंच काचेवर राहतं." नूतन हसली. "तेव्हा मला काय माहीत, की मी पंचनाम्याची सोय करतेय!"

"मंग आता?"

"आता दोन रस्ते. पेन ड्राइव्ह कोरा केला, की दोन मिनिटांत सगळं पहिल्यासारखं."

"करा ना मंग!"

"आणि तुमच्यावरचा आळ? गाणी परत आली तरी लोक म्हणतील, बाईनं लपवली होती, बोंब झाली तेव्हा काढली. शिवाय वर ठेवलेलं हे एक गाणं डीव्हीडीत नाही. ते कायमचं जाईल."

"ते गेलं तं जाऊ द्या. वहिनीची बदनामी हाय त्याच्यात."

नूतननं कानाला हेडफोन लावला. दुसरी बाजू प्रेमिलापुढे केली, पण प्रेमिलानं मान हलवली. मेलेल्या म्हातारीच्या तोंडून कुणाची निंदा पुन्हा ऐकायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. नूतन शेवटपर्यंत ऐकत राहिली. हेडफोन काढला तेव्हा तिचे डोळे वेगळेच दिसत होते.

"हे मोबाइलवर घेतलंय," ती हळूच म्हणाली. "पण मोबाइलवरचं गाणं दहा फोनांत फिरतं. ज्यानं घेतलं, त्यानंच इथं ठेवलं, असं नाही. बाई, एक सांगा. चोर घर फोडतो. फोडून झाल्यावर त्याच नावाची पाटी लावून नवं घर बांधतो का?"

"नाही."

"नाही ना? मग हा चोर नव्हे. हा देणारा आहे. काहीतरी घ्यायला नाही, द्यायला आला होता. कागदावरची वेळ शुक्रवार दुपारची आहे. तुम्ही साकोलीला होतात. शनिवारी आल्यावर इथं काही वेगळं दिसलं?"

प्रेमिलानं आठवून पाहिलं. "काहीच नाही. नेहमीसारखंच होतं सगळं."

"नेहमीसारखंच," नूतन पुटपुटली. "हेच वाईट."

४

गुरुजी ओसरीत सुपारी कातरत बसले होते. देणाऱ्याची गोष्ट ऐकून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मॅडम, मी स्वतः होतो. दुपारभर. माशीसुद्धा आत आली नाही."

"पेपर वाचत होता?"

"अक्षर न् अक्षर."

"शुक्रवारी काय होतं हो पेपरात?"

गुरुजींनी छताकडे पाहिलं. "राजकारण होतं," ते म्हणाले. प्रेमिलाला हसू येऊ लागलं, ते तिनं पदराआड दाबलं.

"बरं, गुरुजी, एक साधा प्रश्न. समजा कॉम्प्युटरमध्ये 'लग्न' नावाचा फोल्डर आहे. मी दुसरा 'लग्न' नावाचाच फोल्डर आणला, आत एक नवा फोटो. तो वर टाकला. कॉम्प्युटर विचारतो, या नावाचा आधीच आहे, बदलू का? तुम्ही काय दाबाल?"

"मी त्या यंत्राला हात लावत नाही. अंगणवाडीच्या बायांनीसुद्धा अर्जुनीला जाऊन कोर्स केला, चहा पिऊन सर्टिफिकेटं आणली, आणि आम्ही मात्र अडाणी!" गुरुजींना हे शल्य फार दिवसांचं होतं.

भोजराजच्या दुकानात तोच प्रश्न गेला. तो डोळे मिचकावून हसला.

"मॅडम, तुम्ही मले फसवून राहिल्या का? माह्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'हो' दाबलं तं दोन्ही मिसळते. जुने फोटो राह्यते, नवा त्याच्यात जाते. पण तुमच्या थ्या डीव्हीडीवाल्यात 'हो' म्हनलं का जुना उडला, नवा बसला. एका शादीचे फोटो गेले माहे असेच दुसऱ्याच्या मशीनवर. नवरदेवाच्या मामानं कॉलर धरली होती. तवापासून कानाले खडा. मी फोल्डर उघडतो, मंगच आत टाकतो."

बाहेर आल्यावर प्रेमिला म्हणाली, "यालेच सगळं माहीत हाय. यानंच मुद्दाम..."

"मुद्दाम उडवायचं असतं तर फोल्डर खोडून गेला असता. पाटी कशाला लावेल? आणि हवी ती गाणी आधी स्वतःला घेतली असती, वर्षभर मागतोय बिचारा. नाही बाई. आपल्याला असा माणूस हवा, की ज्याला 'हो' म्हटल्यावर दोन्ही मिसळतं असं शिकवलंय, आणि तसं इथं होत नाही हे ठाऊक नाही."

"टिकेशभाऊ? त्यांनी माह्यासमोर म्हनलं होतं, विहिणीले चिडवाचे, शिव्यांचे गाने काढून टाका, पाहुणे नागपूरचे हायेत."

"चला," नूतन म्हणाली. "लग्नघरी जाऊ."

लग्नघरी आत पाऊल टाकायची प्रेमिलाला छाती नव्हती. दारातला मांडव हिरव्यागार डहाळ्यांनी भरला होता, आणि बाया तिच्याकडे पाहून कुजबुजत होत्या.

५

टिकेशनं खुर्च्या दिल्या, पण तोंड फिरवूनच. बोलावलेले गुरुजी आणि भोजराजही येऊन बसले. रविता आत चुलीपाशी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, ती दिसत नव्हती.

"टिकेशभाऊ, एकच प्रश्न," नूतन म्हणाली, आणि तिनं तो 'लग्न' नावाचा फोल्डर तिसऱ्यांदा मांडला. जरा मोठ्यानंच मांडला. "तर कॉम्प्युटर विचारतो, बदलू का? काय दाबायचं?"

"मले त्याचा उंदीर बी धरता येत नाही," टिकेश वैतागून म्हणाला. "माह्या मायचे गाने गेले, अन् तुम्ही कोडे घालून राहिल्या!"

मग आतून, चुलीच्या धुरातून, आवाज आला.

"हो दाबाचं. जुनं बी राह्यते, नवं बी मिसळते. कोर्सात तसंच शिकवलं होतं."

लगेच काहीतरी स्टीलचं पडलं आणि घरंगळत गेलं.

प्रेमिला उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे शनिवारची सकाळ आली. झाडू, काच, आणि कॉम्प्युटरशेजारी पडलेली चित्रांची पुस्तकं. शुक्रवारी ती निघाली तेव्हा टेबल रिकामं होतं! दर शुक्रवारी अंगणवाडीची पुस्तकं परत येतात. दर शुक्रवारी ती आणणारी येते, ठेवते, जाते. इतकं नेहमीचं, की आपल्या हातानं उचलून लावली तरी ती आपल्याला दिसली नाहीत.

"वहिनी," ती दाराशी जाऊन म्हणाली, "पुस्तकं तुम्ही आणून ठेवली होती ना शुक्रवारी?"

रविता बाहेर आली. अंगणवाडीची सेविका, चाळिशीची, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गुरुजी झोपले होते," ती म्हणाली. "उठवलं नाही मी."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"डोळा लागला असेल क्षणभर," गुरुजी म्हणाले, आणि सुपारीचा डबा शोधू लागले.

६

"तू?" टिकेश खुर्चीतून उठला. "तू मायचे गाने..."

"नाही, टिकेशभाऊ, थांबा," नूतननं त्याला हातानं बसवलं. "त्या उडवायला गेल्या नव्हत्या. कॉम्प्युटरवर एक कागद आहे, तोच साक्ष देतोय. उडवणारा नुसतं उडवतो. वहिनींनी त्याच नावाचा फोल्डर आणला आणि जुन्यावर ठेवला. त्यांना वाटलं, जुन्या गाण्यांत नवं मिसळेल. ज्या कॉम्प्युटरवर त्या शिकल्या, तिथं तसंच होतं. आमचा कॉम्प्युटर आडमुठा, त्यानं जुनं झाकलं. चूक असलीच तर माझी. मी गावाला यंत्र दिलं, पण त्याचा स्वभाव सांगितला नाही."

"अन् तवापासून मी मनात घोकून राहिलो, 'हो'च दाबलं होतं, बरोबरच दाबलं होतं," रविताचा बांध फुटला. "शनवारी समजलं, गाने गेले. प्रेमिलाबाईवर आळ आला. तीनदा निघालो सांगाले, तीनदा दारातून वापस आलो. लोक काय म्हनतीन? जित्या सासूशी पटलं नाही, मेल्यावर तिचा आवाजबी मिटवला!"

"पण वहिनी," प्रेमिलानं विचारलं, "तुमची बदनामी करणारं गानं तुम्हीच कायले ठेवलं तिथी?"

नूतननं लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. "आपण सगळ्यांनी पहिलीच ओळ ऐकलीय," ती म्हणाली. "टिकेशभाऊंनी वायर उपटली. वहिनी, लावू का? तुम्ही नको म्हणाल तर नाही लावणार."

रवितानं मान हलवली. होकाराची.

खोकला. घासल्याचा आवाज, तो खाटेवरून उशी सरकवल्याचा होता, हे आता कळलं. मग मुन्नीबाई:

"माही सून आळशी, तिची पेज आळणी,
थेच पेज पिऊन बाई सरली माही उन्हाळी.
माही सून भांडखोर, दारी आदळते ताट,
त्याच हातानं वं बाई धरला माहा हात.
माही सून मुकी मुकी, बोलत नाही गोड,
तिच्यावाचून कोण पुरवी म्हातारीचं कोड?"

गाणं थांबलं. धाप लागल्याचा आवाज आला, पाण्याचा घोट, आणि मग बोलणं, अगदी फोनजवळून: "झालं का वं भरून? योगीच्या बिहावात सगळ्यांपुढं वाजव. जितेपणी तुह्या तोंडावर नाही बोलता आलं मले. बिहावात शिव्या देऊनच चांगलं बोलतेत, तं तेवढं मले येते."

मांडवातल्या बायाही दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. टिकेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मले नाही वाजवता आलं असतं," रविता म्हणाली. "माहीच तारीफ मीच कशी वाजवू? म्हनलं, तिच्या गान्यांत ठेवून देतो. बाकीच्या संगं आपोआप वाजन."

प्रेमिला पुढे झाली आणि तिनं रविताचे चुलीनं तापलेले हात धरले. तिला राग यायला हवा होता. चार लोकांत तिची अब्रू गेली होती. पण तिच्या मनात एकच गोष्ट होती: दुपारी आपण हट्टानं 'करा कोरा' म्हटलं असतं, आणि नूतन मॅडमनं ऐकलं असतं, तर हे गाणं जगातून गेलं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "कागद काढा."

नूतननं एक खूण पुसली. फक्त तेवढीच. 'मुन्नीबाई' पुन्हा उघडलं, आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला. हळदीची, तेलाची, वरातीची, विहिणीला चिडवायची, सगळी खालची गाणी. आणि त्यांच्यातच, जणू पहिल्यापासून तिथंच असल्यासारखं, वरचं ते एक. कॉम्प्युटरनं दोन्ही एकत्र करून दाखवलं होतं. रविताला शुक्रवारी हेच हवं होतं.

"किल्ली..." गुरुजींनी घसा खाकरला. "किल्ली तुमच्याजवळच शोभते, प्रेमिलाबाई. अन् माझ्या तोंडून जे गेलं..."

"गुरुजी, तुम्ही झोपले नसते तर वहिनी लाजून परत गेल्या असत्या," प्रेमिला म्हणाली. "तुमचेबी उपकारच समजा."

टिकेश उठला. आयुष्यात कधी कोणाची माफी न मागितलेला गडी तो. शेवटी म्हणाला, "बुधवारी पहिल्या पंगतीत बसाचं, बाई. तुम्ही बसल्याशिवाय पान नाही वाढनार."

७

बुधवारी भोजराजनं स्वतःचे मोठे स्पीकर आणून लावले, तेही कोणी न मागता. मुन्नीबाई सकाळपासून गात होती. मेल्यावरसुद्धा तिनं नागपूरच्या पाहुण्यांना चिडवायचं सोडलं नाही, आणि गंमत म्हणजे टिकेश ज्यांना घाबरत होता, त्या पाहुण्या बायाच पदर खोचून उलट गाऊ लागल्या. मग ते शेवटचं गाणं आलं. पहिल्या ओळीला हशा पिकला. चौथ्या ओळीला मांडव चिडीचूप झाला. योगेश्वरी पाटावरून उठून आईच्या गळ्यात पडली, आणि भटजींनी मुहूर्ताचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी प्रेमिला वाचनालय उघडत होती, तोच रविता आली. काखेत चित्रांची पुस्तकं, हातात झाकलेली पितळी गुंडी. पुस्तकं तिनं या वेळी टेबलावर नाही, प्रेमिलाच्या हातात दिली.

"शुक्रवार नाही आज," प्रेमिला म्हणाली.

"माहीत हाय." रवितानं गुंडीवरचं झाकण काढलं. आत ताज्या तांदळाची पेज होती, वाफाळती. "सासू रोज सकाळी इथी याच्या आधी हेच पिऊन निंघे. आळणी हाय बरं का, आधीच सांगून ठेवतो."

दोघी पायरीवर बसल्या. मुन्नीबाई बसायची तीच ती पायरी. प्रेमिलानं पहिला घोट घेतला.

पेज खरंच आळणी होती. प्रेमिलानं तळापर्यंत पिऊन टाकली, गुंडी खाली ठेवली, आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.